दोन स्टार आणि एक गॅस्केट: ऑस्ट्रेलियात ग्रेट वॉलचं काय झालं

२००९च्या मध्यावर ऑस्ट्रेलियात १९,९९० डॉलरला, तेही ऑन रोड, नवीकोरी पिकअप मिळायला लागली. गाडीचं नाव ग्रेट वॉल एसए२२०. तिची मोठी बहीण व्ही२४० सुरू व्हायची २३,९९०ला. तिथल्या सुताराला, प्लंबरला किंवा शेतकऱ्याला याच पैशात टोयोटा हायलक्स घ्यायची तर जुनीच घ्यावी लागे. ऑस्ट्रेलियन बाजारात आलेला हा पहिला चिनी ब्रँड. आणणारी कंपनी ॲटेको, सिडनीची जुनी आयातदार. तीन वर्षांत खप वर्षाला सुमारे ११ हजारांवर गेला. पुढच्या तीन वर्षांत धंदा बसला. आज तीच ग्रेट वॉल जीडब्ल्यूएम या नावाने तिथे पाच स्टारची पिकअप विकते.

चिनी गाड्यांबद्दल दोन्ही बाजूंनी जी ठाम मतं ऐकू येतात, ती तपासून पाहायला यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणं कठीण. काय बिघडलं, का बिघडलं आणि कशाने सुधारलं, या तिन्ही गोष्टी इथे बोट ठेवून दाखवता येतात.

इंजिन जपानी घराण्यातलं, पण मार बसला पत्र्याला

पहिला गैरसमज इंजिनाचा. एसए२२०मधलं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन टोयोटाच्या जुन्या ४वाय इंजिनावर बेतलेलं होतं. ताकद ७८ किलोवॅट. व्ही२४०मध्ये मित्सुबिशीचं ४जी६९ होतं, २.४ लिटर, १०० किलोवॅट, चीनमध्येच बनणारं. २०११च्या व्ही२००मध्ये मात्र ग्रेट वॉलचं स्वतःचं दोन लिटरचं डिझेल आलं: १०५ किलोवॅट आणि ३१० न्यूटन मीटर. म्हणजे पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली जे होतं ते जुनाट असेल, तहानलेलं असेल, पण अनोळखी नव्हतं. टोयोटा किंवा मित्सुबिशीचं काम करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला ते खोलता येत होतं.

बदनामी झाली ती धडक चाचणीतून. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ॲनकॅप ही संस्था तेव्हा ३७ गुणांची मोजपट्टी वापरायची. समोरच्या धडकेला १६, बाजूच्या धडकेला १६, खांबावरच्या धडकेला २ आणि सीटबेल्टची आठवण करून देणाऱ्या यंत्रणेला ३. पाच स्टारला ३२.५ गुण लागत, चारला २४.५, तीनला १६.५ आणि दोनला ८.५. शिवाय एक मेख होती: एकाच चाचणीत गाडी फार खाली गेली तर बाकीची बेरीज कितीही चांगली असो, स्टार कापले जात. २००८पासून पाच स्टारसाठी ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, सक्तीची झाली होती. या पट्टीवर ग्रेट वॉलच्या पिकअपला मिळाले दोन स्टार. त्याच कंपनीच्या एक्स२४० या एसयूव्हीला चार मिळाले होते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

समोरची धडक म्हणजे ताशी ६४ किलोमीटर वेगाने, गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळणं. चेसिसवर बॉडी ठेवलेल्या पिकअपला ही चाचणी जड का जाते, ते समजून घ्यायला हवं. पुढून मागे जाणारे चेसिसचे दोन दांडे असतात. धडक एका बाजूला बसली की सगळा भार त्यातल्या एकाच दांड्यावर येतो. चांगल्या गाडीत तो दांडा पुढच्या टोकापासून घडी पडत पडत चेपतो, आणि केबिनला हात लागेपर्यंत बरीच ऊर्जा संपलेली असते. जुन्या आराखड्यात दांडा घडी पडण्याऐवजी मधेच वाकतो. मग केबिन आणि चेसिस वेगवेगळ्या दिशेने सरकू पाहतात, पुढच्या काचेचा खांब मागे येतो, पेडल आत घुसतात, स्टिअरिंगचा दांडा छातीकडे सरकतो. एअरबॅग फुगते, पण माणूस जिथे असायला हवा तिथे नसतो.

याचा पुरावा पुढे सात वर्षांनी मिळाला. २०१६मध्ये ग्रेट वॉलने स्टीड नावाची पिकअप आणली. या वेळी सहा एअरबॅग होत्या, ईएससी होतं. तरी स्टार दोनच. आराखडा जुना ठेवून वरून कितीही साहित्य भरलं तरी सांगाडा बदलत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात एअरबॅगची संख्या मोजून सुरक्षितता ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

गिऱ्हाईक नव्हे, फाटक बंद झालं

दोन स्टार ऐकून साध्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली असं समजू नका. फिरवली असती तर ११ हजार गाड्या खपल्या नसत्या. फटका दुसरीकडून बसला. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने १ जुलै २०११पासून आपल्या ताफ्यात पाच स्टारच्याच प्रवासी गाड्या घ्यायच्या ठरवल्या, आणि पुढच्या जुलैपासून हलक्या मालगाड्यांना किमान चार स्टारची अट घातली. मोठ्या खाण कंपन्यांनीही असेच नियम लावले. पिकअपच्या धंद्यात ताफ्याची ऑर्डर म्हणजे पोटभर जेवण. सुतार-प्लंबर म्हणजे चटणी-लोणचं. त्याच वर्षी थायलंडमध्ये बनलेली नवी फोर्ड रेंजर पाच स्टार घेऊन बसली, आणि पिकअप आहे म्हणून दोन स्टार चालवून घ्या, ही सबब संपली.

ॲटेकोनेच २०११मध्ये आणलेल्या चेरी या दुसऱ्या चिनी ब्रँडची अवस्था आणखी केविलवाणी. जे१ ही छोटी गाडी ११,९९० डॉलरला आली आणि पुढे ९,९९०पर्यंत उतरली. पण व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०११पासून नव्या प्रवासी गाडीला ईएससी सक्तीचं होतं आणि जे१मध्ये ते नव्हतं. म्हणजे अख्ख्या मेलबर्नची बाजारपेठ पहिल्याच दिवशी बंद. जे१ला तीन स्टार मिळाले, जे११ला दोन. ईएससीचं सामान चेरीला मिळत नव्हतं असं नाही. ज्या बाजारात गाडी न्यायची तिथल्या नियमाच्या तारखा पाहून मॉडेल मागवणं हे आयातदाराचं आणि कंपनीचं काम होतं, आणि तिथे घोळ झाला. ‘चिनी दर्जा’ या नावाने जे खपवलं जातं त्यातला बराच भाग खरं तर असा ऑर्डरच्या कागदावरचा असतो.

ऑगस्ट २०१२: ॲस्बेस्टॉस

मग ते प्रकरण झालं. इंजिन आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये (धातूच्या दोन भागांमधला सांधा बंद करणाऱ्या चपट्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस सापडलं आणि ग्रेट वॉल व चेरीच्या मिळून सुमारे २३ हजार गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावणं, जाहीर झाला. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसची आयात, विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २००३पासून पूर्ण बंद आहे. त्याचे तंतू श्वासातून आत जाऊन तिथल्या खाणी, घरं आणि गोद्यांमधली इतकी माणसं दगावली आहेत की या एका शब्दाने सरकार खडबडून जागं होतं.

ॲस्बेस्टॉस गॅस्केटमध्ये घालतात कशाला? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधला सांधा कित्येकशे अंश तापतो, गार होतो, पुन्हा तापतो. दर वेळी धातू फुगतो आणि आकसतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू जळत नाहीत, दबतात आणि सांधा घट्ट धरतात. पर्याय आहेतच: थरांचं स्टील, ग्रॅफाइट, ॲरामिड तंतू. पण ते महाग. चीनमध्ये पांढरं ॲस्बेस्टॉस बऱ्याच कामांना कायदेशीर होतं, त्यामुळे गॅस्केट बनवणाऱ्या खालच्या फळीतल्या पुरवठादाराच्या दृष्टीने त्याने काही वावगं केलंच नव्हतं. (आपण नाकं मुरडण्याआधी आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांकडे वर पाहावं. भारतातही पांढरं ॲस्बेस्टॉस आजवर पूर्ण बंद झालेलं नाही.) घोळ असा की मोठी कंपनी ‘आमचा माल ॲस्बेस्टॉसमुक्त’ असा कागद देते, तो कागद खालच्या पुरवठादाराच्या कागदावर उभा असतो, आणि प्रत्यक्ष गॅस्केट प्रयोगशाळेत कुणी पाठवलेली नसते.

धोका नेमका कुणाला होता? चालवणाऱ्याला जवळजवळ नाही. तंतू गॅस्केटमध्ये बांधलेले असतात आणि दोन धातूंमध्ये आवळलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मालकांना सांगितलं ते एवढंच, की घरच्या घरी इंजिन किंवा एक्झॉस्ट खोलू नका. खरी भीती मेकॅनिकची. जुनी गॅस्केट चिकटून बसते, मग तो पट्टीने खरवडतो, वायर ब्रश मारतो आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारून पृष्ठभाग साफ करतो. यातली शेवटची पायरी सगळ्यात वाईट. सुटलेले तंतू अख्ख्या गॅरेजभर उडतात आणि दिवसभर तरंगत राहतात.

अशी गॅस्केट काढायची रीत अशी. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून सांधा फवाऱ्याने भिजवायचा आणि काम संपेपर्यंत ओला ठेवायचा. तोंडावर पी२ दर्जाचा नीट बसणारा मास्क. साधा कापडी नाही. बोल्ट सुटले की गॅस्केट शक्यतो अख्खी उचलायची. उरलेला थर प्लास्टिकच्या किंवा बोथट पट्टीने ओलाच काढायचा. ग्राइंडर, वायर ब्रश, हवा यांना हात लावायचा नाही. निघालेला सगळा कचरा, पुसलेले फडके धरून, ०.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक पिशवीत, ती पुन्हा दुसऱ्या पिशवीत, वर खूण, आणि परवानगी असलेल्या कचरा केंद्रावर. आज जुनी व्ही२४० घेणाऱ्याने गॅस्केट आधी बदलली आहे का, हे सर्व्हिसच्या कागदावर पाहावं. नोंद नसेल तर ‘ॲस्बेस्टॉस आहे’ असं धरूनच गॅरेजला सांगावं.

भाव कुठे गेला

ॲस्बेस्टॉसने नाव गेलं, पण धंदा बुडाला तो हिशेबाने. २०११ ते २०१३च्या सुरुवातीपर्यंत ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला किंवा वर होता. आयातदारांची दिवाळी. नंतर तो घसरत २०१५पर्यंत ०.७०च्या आसपास आला. त्याच काळात येन स्वस्त झाला. आता जकातीचं पाहा. थायलंडमधून येणाऱ्या गाड्यांवर २००५च्या करारापासून जकात नाही. हायलक्स, रेंजर, डी-मॅक्स सगळ्या तिथूनच. कोरियाचा करार डिसेंबर २०१४ला लागू झाला, जपानचा जानेवारी २०१५ला. चीनचा आला २० डिसेंबर २०१५ला, सगळ्यात शेवटी. तोवर चिनी गाडीवर पाच टक्के लागत होते. चार-पाच हजार डॉलरच्या फरकावर उभी असलेली गाडी दोन्ही बाजूंनी चेपली गेली. आयातदार आणि कंपनी यांच्यात किमतीवरून बिनसलं, गाड्या येणं थांबलं, आणि २०१५-१६मध्ये व्यवहार कंपनीने स्वतःच्या हातात घेतला.

या मधल्या काळात मालक अधांतरी होता. वॉरंटी होती तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. सुटे भाग कुणाकडे मागायचे, जुनी तक्रार नवी कंपनी मानणार का, हे प्रश्न. गाडीची पुनर्विक्री किंमत पडते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, या अधांतरामुळे. हायलक्सचं नाव टिकून आहे त्यात टोयोटाच्या कारागिरीइतकाच वाटा दूरदूरच्या गावातही पाट्याचा बुश आणि क्लच प्लेट त्याच दिवशी मिळते याचा आहे.

शेजाऱ्यांची घरं

मग जपानी-कोरियन गाड्या निर्दोष होत्या का? त्याच ऑस्ट्रेलियात, त्याच काळात मलेशियाच्या प्रोटॉन जम्बकला एक स्टार मिळाला होता, म्हणजे ग्रेट वॉलच्याही खाली. आणि तिथल्या इतिहासातला पहिला सक्तीचा वाहन रिकॉल कुठल्या चिनी कंपनीमुळे झाला नाही. तो २०१८मध्ये झाला, जपानच्या टाकाटा एअरबॅगमुळे, ३० लाखांवर गाड्यांचा. एअरबॅग फुगवायला वापरलेलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, मग ते गरजेपेक्षा जोरात जळतं, धातूचं कवच फुटतं आणि त्याचे तुकडे चेहऱ्यावर येतात. २०१७मध्ये सिडनीत त्याने एक जीव घेतला होता. ॲस्बेस्टॉसच्या गॅस्केटने गाडी चालवणाऱ्या कुणाचा जीव गेल्याची नोंद नाही. तरी टोयोटा, होंडाचं नाव टिकलं, कारण त्यांच्यामागे चाळीस वर्षांची जमा होती.

ह्युंदाई-कियाच्या थीटा २ इंजिनात क्रँकशाफ्टच्या मशिनिंगचा धातूचा कीस उरला, तेलाच्या वाटा तुंबल्या, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळाले. अमेरिकेत २०१५ आणि २०१७ला रिकॉल, आणि २०२०मध्ये तिथल्या नियामकाशी २१ कोटी डॉलरची तडजोड. डिसेंबर २०२३मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूने ६४ मॉडेलांच्या प्रमाणपत्रात गैरप्रकार कबूल केले. काही धडक चाचण्यांत एअरबॅग गाडीच्या सेन्सरने नव्हे, टायमर लावून उडवली होती. जुन्यात जुना प्रकार १९८९चा.

ह्युंदाईची आठवण आणखी एका कारणासाठी. १९८६ला अमेरिकेत ४,९९५ डॉलरची एक्सेल आली, पहिल्याच वर्षी १,६८,८८२ खपल्या, आणि दोन-तीन वर्षांत ती विनोदाचा विषय झाली. दहा वर्षांची पॉवरट्रेन वॉरंटी देऊन नाव सावरायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या दर्जा पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला बसली २००४ला. अठरा वर्षं लागली. ग्रेट वॉलच्या पिकअपला दोन स्टारपासून पाचपर्यंत यायला बारा.

पाच स्टार, मग शून्य

२०१७मध्ये एलडीव्ही टी६० पाच स्टार मिळवणारी पहिली चिनी पिकअप ठरली. विकणारी पुन्हा ॲटेकोच. २०२१मध्ये जीडब्ल्यूएम यूटला पाच मिळाले: नवा सांगाडा, सात एअरबॅग (त्यातली एक पुढच्या दोघांच्या मधली), आपोआप ब्रेक. आता वॉरंटी सात वर्षांची. तीही किया २०१४पासून ऑस्ट्रेलियात देत होती, तिथूनच उचललेली.

आणि डिसेंबर २०२३मध्ये ॲनकॅपने दोन गाड्यांना शून्य स्टार दिले. एक चिनी, एमजी५. दुसरी आपली, चाकणला बनणारी महिंद्रा स्कॉर्पिओ. नवी पद्धत ३७ गुणांची नाही. चार वेगळे खांब, म्हणजे विभाग, आहेत आणि सगळ्यात कमी गुणांचा खांब स्टार ठरवतो. एमजी५ला प्रौढ प्रवाशांसाठी ३७ टक्के, मुलांसाठी ५८, पादचाऱ्यांसाठी ४२, सहाय्यक यंत्रणांसाठी १३. स्कॉर्पिओला अनुक्रमे ४४, ८०, २३ आणि ०. वर्षभरापूर्वीच स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपने प्रौढांसाठी पाच स्टार दिले होते. दोन्ही निकाल खरे आहेत. एका परीक्षेत मुख्यतः सांगाडा आणि एअरबॅग पाहतात. दुसरीत शिवाय गाडी स्वतः ब्रेक मारते का, लेन सोडली तर सांभाळते का, हे पाहतात, आणि जे बसवलेलंच नाही त्याला गुण शून्य. पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकी स्विफ्टला ऑस्ट्रेलियात एक स्टार मिळाला, युरोपात तिला तीन होते. म्हणजे देश तोच, नाव तेच, पण वेगळ्या बाजारासाठी बांधलेली गाडी वेगळी निघाली.

महाराष्ट्राचा या कंपनीशी संबंध येता येता राहिला. ग्रेट वॉलने जानेवारी २०२०मध्ये जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचा करार केला होता, जूनमध्ये राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करारही झाला. त्याच आठवड्यात गलवान घडलं. दोन वर्षं परवानगीची वाट पाहून २०२२मध्ये करार संपला, आणि २०२३मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

आता चिनी गाडीत काय पाहायचं? धडकेचा प्रश्न नव्या मॉडेलांत बराच सुटला आहे; कमजोर बाजू सरकली आहे. टी६०च्याच गंजाच्या तक्रारी इतक्या आल्या की ग्राहक आयोगाने एलडीव्हीच्या वितरकाला न्यायालयात खेचलं. टिकाऊपणाचे दावे दिशाभूल करणारे होते, असा आरोप. बीवायडी ॲटो ३ची डिलिव्हरी २०२२मध्ये काही काळ थांबली ती मागच्या मधल्या सीटला मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा ऑस्ट्रेलियन नियमानुसार नव्हती म्हणून. लेन सांभाळणारी यंत्रणा स्टिअरिंग विनाकारण ओढते, ही तक्रार तर बहुतेक चिनी ब्रँडांबद्दल.

मेलबर्न-सिडनीच्या मराठी मंडळींनी गाडी पाहताना ॲनकॅपच्या पानावर आधी रेटिंगचं वर्ष बघावं. सहा वर्षांनी त्याची मुदत संपते. मग कोणत्या महिन्यापासून बनलेल्या आणि कोणत्या व्हेरिएंटला ते लागू आहे ते, आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरची बांधणीची तारीख त्याच्याशी ताडून. चार खांबांचे टक्के स्वतंत्र वाचावेत. गाडी लिफ्टवर चढवून चेसिसचे वेल्ड, पाट्यांचे हँगर आणि ट्रेखालचे सांधे टॉर्च मारून पाहावेत. समुद्राकाठच्या गावातली गाडी असेल तर नक्कीच. जुन्या व्ही२४०त टायमिंग बेल्टबरोबर आतला बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्टही बदलला आहे का ते विचारावं, कारण तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. ते उतरवताना गॅस्केट आलीच.